मुद्देमालात जमा केलेला फोन

नोकरीतले हे एक प्रकरण मला अजून दिवसवार आठवते. बाकीच्या बऱ्याच प्रकरणांचे गुन्हा क्रमांक विसरलो, माणसांचे चेहरेही विसरलो. यात खून नव्हता, दरोडा नव्हता. आरोपपत्रही कधी गेले नाही. वर्तमानपत्रात चार ओळीसुद्धा आल्या नाहीत. संबंधित माणसे हयात आहेत, म्हणून कोणाचे नाव, गाव किंवा ठाणे लिहीत नाही.

निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेला, वैनगंगेपलीकडे गडचिरोली सुरू होते त्या भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीत जंगल, धानाच्या बांध्या आणि जवळजवळ प्रत्येक गावाला एक जुने तळे. मे महिन्यात ठाण्याचे काम ठरलेले असे. मोहाच्या दारूचे छापे, तेंदूपत्त्याच्या मजुरीवरून मारामाऱ्या, वाघाने गुराखी नेला की रस्त्यावर बसलेल्या गावाची समजूत काढणे. दुपारी बारानंतर ठाण्याच्या आवारात माणूस दिसत नसे, इतके ऊन.

अशाच एका सकाळी, कर्मचाऱ्यांची हजेरी आटोपल्यावर, ऊर्जानगरहून एक गृहस्थ मोटारसायकलवर आले. वीज केंद्रात तंत्रज्ञ होते, पन्नाशीच्या आतले. प्लास्टिकच्या फाईलमध्ये कागद तारखेनुसार लावलेले. असे कागद लावून येणारी माणसे सहसा खोटे बोलत नाहीत, पण मनात निकाल देऊन आलेली असतात. यातला दुसरा अर्धा भाग मला या प्रकरणानंतर कळला.

त्यांची तक्रार अशी होती. तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या मोबाईलवर एक व्हिडिओ आला. तळ्याच्या पाळीवर तिशीची एक बाई बसली आहे, तिच्या मागे बरेच गावकरी उभे आहेत आणि गावात आरोग्याचे काम करणाऱ्या आशाताई सांगताहेत की बाईच्या हृदयाची झडप खराब झाली आहे, नवरा तळ्यात मासेमारी करतो, नागपूरच्या दवाखान्याने सांगितलेला खर्च त्याला झेपणारा नाही. सरकारी योजनेत हे ऑपरेशन बसले असते. पण लग्नानंतर बाईचे नाव गडचिरोलीकडच्या माहेरच्या शिधापत्रिकेतून कमी झाले होते आणि सासरच्या पत्रिकेत अजून चढले नव्हते. दोन तहसीलींच्या मध्ये ते कुठेतरी अडकले होते. म्हणून आशाताईंनी मदत मागण्याच्या एका संकेतस्थळावर आवाहन टाकले आणि खाली नवऱ्याच्या बँक खात्याचा क्रमांक दिला.

तक्रारदाराने तो व्हिडिओ आपल्या वसाहतीतल्या बुद्धविहारात, रविवारच्या वंदनेनंतर, सगळ्यांना दाखवला. कामावर नेणाऱ्या कंपनीच्या बसमध्येही दाखवला. लोकांनी मनापासून दिले. त्यानंतर दोन महिने काही कळले नाही. मग तीन दिवसांपूर्वी त्यांना एका अनोळखी माणसाचा फोन आला.

"काय म्हणाला तो?" मी विचारले.

"म्हणाला, ऑपरेशन तं झालंच नाई, अन् पैसे वाटून टाकले. नाव विचारलं तं फोन ठेवला."

"तुमचे स्वतःचे किती गेले?"

"साहेब, माह्या पैशाची गोष्टच नाई." ते पहिल्यांदा आवाज चढवून बोलले. "मी विहारात उभा राहून मागितले. आता बसमध्ये चढलो की मागून आवाज येते, काय भाऊ, बसलं का तुमच्या बाईचं हृदय जागेवर? सारी बस हासते. मले पैसे वापस नाई पाहिजे. मले फक्त खरं काय ते पाहिजे."

मी तक्रार नोंदवून घेतली. दुपारपर्यंत बँकेतून खात्याचा उतारा आला. देणग्या येत गेलेल्या दिसत होत्या. आवाहनातली रक्कम पूर्ण झाल्यानंतरही येतच होत्या, कारण व्हिडिओ लोकांच्या मोबाईलवर फिरत राहिला होता. आणि अलीकडच्या एका आठवड्यात तीन वेळा रोख रक्कम काढलेली होती, तिन्ही वेळा सारखीच. खात्यात बरीच रक्कम शिल्लक होती. ती शिल्लक पाहून मी एवढाच विचार केला की हीसुद्धा जाण्याआधी थांबवली पाहिजे.

खाते गोठवण्यासाठी बँकेला पाठवायचा मजकूर अर्ध्या पानाचा असतो. मी तो चार वाजता पाठवला. पाच वाजता खाते बंद झाल्याचे उत्तर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार आणि दोन पंचांना घेऊन मी गावात गेलो. हवालदार त्याच पट्ट्यातला, वीस वर्षे नोकरी झालेला. घर कुडाचे, वर कवेलू, अंगणात वाळत टाकलेली जाळी. नवरा दारातच उभा होता. चाळिशीचा, सडपातळ, पाण्यात राहून पायाची कातडी पांढरी पडलेला. बाई आत भिंतीला टेकून बसली होती. आम्हाला पाहून ती उठली, माठातून पाणी काढले आणि तांब्या-पेला घेऊन बाहेर आली.

"बसा ना साहेब. उनातून आले. पानी घ्या."

"तुमची तब्येत कशी आहे?"

"मी ठीक आहो," ती म्हणाली आणि दाराची चौकट धरून थोडा वेळ उभी राहिली.

मी पाणी प्यालो आणि मनात नोंद केली की बाई हिंडती-फिरती आहे. मोठ्या ऑपरेशनची वाट पाहणारे माणूस असे उठून पाणी देईल का, असा माझा हिशेब होता. घरात पाहुणा आला की या भागातली बाई आजारपण बाजूला ठेवून आधी पाणी देते, हे मला तीस वर्षांच्या नोकरीत माहीत असायला हवे होते.

पंचनामा झाला. नवऱ्याचा मोबाईल जप्त केला, कारण देणगीदारांचे संदेश त्यावर होते. दवाखान्याची फाईल पुरावा म्हणून घेतली. फोन पाकिटात घालून लाखेची मोहोर लावत असताना नवरा पुढे आला.

"साहेब, बाकी सारं न्या. फोन नका नेऊ. दवाखान्यातून फोन येनार आहे."

"कशाचा?"

"तारखेचा. हिचं रक्त कमी होतं ना, तं डॉक्टर म्हणे आधी रक्त वाढवा, मंग बोलावतो. हाच नंबर आहे त्याइच्याकडं."

प्रत्येक आरोपी फोन मागतो. कोणाची आई आजारी असते, कोणाच्या मुलीचे लग्न असते. नव्याने भरती झालेल्या पोरांना मी हे हसत हसत शिकवत असे. मी हवालदाराला मोहोर पूर्ण करायला सांगितले.

जीपमध्ये बसल्यावर हवालदार म्हणाला, "साहेब, हा माणूस तसा नाई वाटत मले."

"वाटण्यावर तपास चालत नाही," मी म्हणालो.

अटक केली नाही. नोटीस दिली आणि रोज सकाळी अकराला ठाण्यात हजेरी लावायला सांगितले. गाव ठाण्यापासून अठरा किलोमीटर. तो सायकलने यायचा, ठाण्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसायचा, सही करायचा आणि त्याच उन्हात परत जायचा. म्हणजे तो नागपूरला जाऊ शकत नव्हता, हे माझ्या लक्षात आले नाही.

चौकशीत तो बऱ्याच गोष्टी सरळ सांगे. आवाहन कोणी टाकले, पैसे कधी आले, बँकेत कोणासोबत गेला. फक्त एका प्रश्नावर तो गप्प बसे.

"तीन वेळा काढलेली रक्कम कुठे आहे?"

"घरी नाई साहेब."

"मग कोणाकडे आहे?"

"देल्ली."

"कोणाला?"

मान खाली. दोन मिनिटे, पाच मिनिटे. मी टेबलावर हात आपटला, आवाज चढवला, तुरुंगाची भाषा केली. मारहाण केली नाही, पण मी सौम्य होतो असेही म्हणणार नाही. एकदा मी म्हणालो, "बायकोच्या दुखण्याचे पैसे उडवायला लाज वाटली नाही?" तेव्हा त्याने डोके वर करून माझ्याकडे पाहिले. तो रागावेल असे वाटले होते. तो म्हणाला, "तिनंच सांगतलं होतं साहेब."

नवरा-बायको दोघेही सामील आहेत, असा अर्थ मी काढला.

जप्तीनंतर चौथ्या दिवशी नागपूरला पाठवलेला शिपाई दवाखान्याचे पत्र घेऊन परत आला. रुग्णाची नोंद खरी, खर्चाचा अंदाज खरा, दाखल होण्याची तारीख नातेवाइकांना फोनवर कळवण्यात येईल. मी पहिल्या दोन मुद्द्यांपुढे लाल पेनाने खूण केली. तिसऱ्या मुद्द्याचा गुन्ह्याशी संबंध नव्हता. ते पत्र केस पेपरला लागले.

पुढचा धागा ज्याने फोन करून खबर दिली होती त्याचा. तक्रारदाराच्या मोबाईलवरचा क्रमांक त्याच गावातल्या एका माणसाचा निघाला. त्याला बोलावून घ्यायला मधले दिवस गेले, कारण तो तेंदूपत्त्याच्या कामावर जंगलात होता. दहाव्या दिवशी तो स्वतःच आला. साठीचा, भारदस्त, डोक्याला गमछा. खुर्चीवर बसताना त्याने उजवा पाय हाताने उचलून सरळ केला.

"ऊर्जानगरला फोन तुम्ही केला होता?"

"केला. मी काय डरतो का कोनाले?"

"त्या माणसाने काय चूक केली, ते नीट सांगा."

"वाटे बराबर नाई केले साहेब."

"कसले वाटे?"

"पैशाचे ना. ऑपरेशनचे ठेवले बाजूले अन् जास्तीचे आले त्याचे तीन वाटे केले. एक त्या डायलिसिसवाल्याले देल्ला. एक त्या सिकलसेलच्या पोट्ट्याच्या मायले. एक अजून एका बाईले, तिच्या पोटात गाठ आहे. देल्ले तं देल्ले, चांगलं केलं. पन माह्या गुडघ्याले काऊन नाई? पंधरा साल झाले, याच गुडघ्यानं त्या तळ्यात जाळं ओढून राह्यलो मी."

हवालदाराला हसू आवरेना. "मंग भाऊ, गुडघा एवढा गेला तं ठान्यापर्यंत आले कसे?"

"फटफटीवर आलो. तुह्या बापाची नाई, पोराची."

मी त्यांना थांबवले. "तुम्ही तर फोनवर सांगितले की ऑपरेशनचे पैसे खाल्ले."

"नाई! खाल्ले कधी म्हटलं मी?" तो खरोखर दुखावला गेला. "ऑपरेशन झालं नाई म्हटलं. झालं नाईच ना. पैसे वाटले म्हटलं. वाटलेच ना. यात खोटं काय आहे?"

यात खोटे काहीच नव्हते. त्याची दोन्ही वाक्ये खरी होती. त्यांची सांगड तक्रारदाराने रागात घातली होती आणि मी ती कायद्याच्या भाषेत लिहून घेतली होती.

खातरजमा करायची म्हणून अकराव्या दिवशी सकाळी सातलाच आम्ही गावात पोचलो. घरी कोणी पुरुष नव्हते. त्या दिवशी तळे मोकळे करायचे होते. उन्हाळ्यात पाणी गुडघ्याएवढे उरले की मासेमार सोसायटीचे सगळे लोक एका दिवशी जाळी घेऊन उतरतात. आम्ही पाळीवर जाऊन उभे राहिलो. मासळी काढून झाली होती. पळसाच्या पानांवर सारखे ढीग मांडणे सुरू होते आणि ते मांडत होता आमचा संशयित.

हवालदाराने मला पद्धत समजावून सांगितली. ढीग मांडून झाले की एक म्हातारा ढिगांकडे पाठ करून बसतो. दुसरा एका ढिगावर काठी टेकवतो आणि विचारतो, हा कोणाचा? म्हातारा न पाहता घराचे नाव घेतो. त्यामुळे कोणाच्या वाट्याला मोठा मरळ गेला आणि कोणाच्या वाट्याला काटेच, याचा दोष कोणाला देता येत नाही. पण त्याआधी काही ढीग बाजूला काढतात. ते ज्या घरात आजारी माणूस आहे किंवा ज्या घरातून कोणी जाळ्याला येऊ शकले नाही, त्यांचे. कोणाचे कोणते, हे मांडणारा मोठ्याने सांगत नाही. मागाहून घरी पोचवतो. आणि वाटे पडताना पाळीवर जो कोणी उभा असेल, वाटसरू असला तरी, त्याचाही एक वाटा पडतो.

नवरा ओल्या हातांनी आमच्याजवळ आला.

"साहेब, तुमचाबी पडला."

"तपासातल्या माणसाकडून मला काही घेता येत नाही," मी म्हणालो.

"तपासाचा नाई साहेब. पाळीवर उभे आहा म्हनून."

मी नाही म्हणालो. तो ढीग बराच वेळ तसाच पानावर पडून होता. शेवटी कोणीतरी उचलला.

मग तिथेच बाभळीखाली मी त्याला सांगितले की गुडघेवाले भाऊ ठाण्यात येऊन सगळे बोलून गेले आहेत. त्याने सुस्कारा टाकला. "मंग तुमाले माहीतच झालं. पन साहेब, त्या पोटाच्या गाठीवाल्या बाईचं नाव लिहू नका. तिच्या सासरी माहीत नाई अजून. अन् देल्लेले पैसे त्याइच्यापासून वापस घेऊ नका. डायलिसिसवाल्याचे तं खर्चबी झाले."

दहा दिवसांच्या त्याच्या गप्प बसण्याचे कारण हे होते.

त्याच्या घरी जाऊन मी बाईचा जबाब घेतला. या वेळी ती उठली नाही. तीन उशा पाठीशी लावून बसली होती आणि दोन-तीन शब्दांनंतर थांबत होती. पाणी शेजारणीने आणून दिले.

"ज्यांनी पैसे दिले त्यांनी तुमच्यासाठी दिले होते," मी म्हणालो. "दुसऱ्यांना देण्याचा तुम्हाला अधिकार नव्हता. हे कळत होते का?"

"तो व्हिडिओ पाह्यला का साहेब तुमी?"

"पाहिला."

"त्यात मी एकटी आहो का? मांगं सारं गाव उभं आहे." ती थांबली. श्वास घेतला. "साऱ्याइनं मिळून जाळं ओढलं. माह्यापुरतं ठेवलं ना मी. वरचं आलं ते एकटीनं कसं ठेवू? ती बाजूची, त्या आजारी पोट्ट्याची माय, रोज माह्या तोंडाकडं पाह्यते."

मी ते जसेच्या तसे लिहून घेतले आणि शेवटी नेहमीचे वाक्य जोडले, की जबाब वाचून दाखवला, बरोबर आहे. तिने सही केली. अक्षर शाळेतल्या मुलीसारखे गोल होते.

कायद्याच्या नजरेने त्यांची चूक होती. एका कारणासाठी मागितलेले पैसे दुसऱ्या कारणासाठी दिले होते. पण फसवण्याचा हेतू नव्हता आणि ऑपरेशनची रक्कम जशीच्या तशी खात्यात होती. त्याच दुपारी मी तक्रारदाराला फोन केला. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "साहेब, मी आधी त्याइच्या घरी जायले पाहिजे होतं. इथून दोन घंट्याचा रस्ता आहे." आपली तक्रार राहिली नाही, असे त्यांनी लेखी दिले. गैरसमजातून गुन्हा नोंद झाला, या अर्थाची क समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल, मी लिहायला घेतली आणि नवऱ्याला सांगितले की उद्यापासून हजेरीला यायची गरज नाही.

"फोन, साहेब?"

"मिळेल. कोर्टाचा आदेश आला की."

खाते मोकळे करा असे पत्र बँकेला पाठवले. बँकेने न्यायालयाचा आदेश मागितला. मुद्देमाल परत देण्यालाही आदेश लागतो. दोन्ही अर्ज बाराव्या दिवशी दाखल केले. न्यायालयाला उन्हाळी सुट्ट्या लागल्या होत्या, तातडीची कामेच चालू होती. आमचे अर्ज तातडीचे आहेत, असे त्यावर कोणी लिहिले नाही. ते मी लिहायला हवे होते. तेराव्या दिवशी मला गडचिरोलीत एका मोठ्या बंदोबस्तासाठी जावे लागले.

त्या तीन दिवसांत मी एकदाही दवाखान्याला फोन केला नाही. त्यांचा क्रमांक केस पेपरमध्ये होता, लाल खुणांच्या खाली. तपास संपला होता, आणि आमच्या लेखी तपास संपला की प्रकरण संपते.

आदेश एकविसाव्या दिवशी आला. मी त्याच सकाळी बंदोबस्तावरून परतलो होतो. हवालदाराने निरोप पाठवला आणि साडेअकराच्या सुमारास नवरा आला. डोक्यावर गमछा होता. माझ्या खोलीत शिरताना त्याने तो काढला. डोके पूर्ण भादरलेले होते.

"कधी?" मी विचारले.

"चार रोज झाले."

हवालदार भिंतीकडे पाहत उभा राहिला. मुद्देमाल कारकुनाने पाकीट आणले, मोहोर शाबूत असल्याचे दाखवले, कात्रीने कापले. वस्तू चालू स्थितीत परत दिली, असे पावतीवर लिहावे लागते, म्हणून फोन चार्जिंगला लावला. पाच-सात मिनिटे गेली. मग फोन सुरू झाला आणि थांबून राहिलेले संदेश एकामागून एक यायला लागले. बराच वेळ तो टेबलावर थरथरत होता. नवऱ्याने तो उचलला, पाहिला आणि माझ्याकडे धरला. त्याला इंग्रजी येत नव्हते.

"काय आलं साहेब?"

जप्तीनंतरच्या सहाव्या दिवशी दवाखान्यातून पाच वेळा फोन आला होता. त्यानंतर एक संदेश. रुग्णाला उद्या सकाळी दहापर्यंत उपाशीपोटी दाखल करावे, संध्याकाळपर्यंत उत्तर न आल्यास ही तारीख पुढच्या रुग्णाला देण्यात येईल.

त्या सहाव्या दिवशी तो माझ्या ठाण्यात, मुद्देमालाच्या खोलीपासून वीस पावलांवर, बाकावर बसला होता. हजेरीच्या वहीत त्याची त्या दिवसाची सही आहे.

"कंपनीचे आहेत," मी म्हणालो. "रिचार्ज संपल्याचे."

त्याने मान हलवली, फोन खिशात ठेवला आणि पावतीवर सही केली. 'मुद्देमाल सुस्थितीत मिळाला, तक्रार नाही.' छापील मजकूर आहे तो.

वेळेवर ऑपरेशन झाले असते तर ती वाचलीच असती, असे मी म्हणू शकत नाही. कोणताही डॉक्टर तसे लिहून देणार नाही. वरिष्ठांनी प्रकरणाचे कागद तपासले आणि कार्यवाही नियमानुसार असल्याचा शेरा दिला. तोही बरोबर आहे. खाते गोठवणे नियमात होते, फोन जप्त करणे नियमात होते, हजेरी नियमात होती. तिन्ही पावले मी पैसे वाचवण्यासाठी टाकली. पैसे वाचले. शेवटचा रुपयासुद्धा खात्यात होता.

ऊर्जानगरचे तक्रारदार तिच्या तेराव्याला गावात गेले होते, सोबत बसमधले चार सहकारी होते. तळ्याच्या पाळीवर तासभर बसून परत आले, असे हवालदाराने सांगितले. नवऱ्याने खात्यातल्या पैशाचे काय करू, असे त्यांनाच विचारले. त्यांनी सांगितले, तिने केले तेच कर. त्याप्रमाणे वाटे झाले. त्यात या वेळी गुडघा होता.

त्यानंतर नोकरी असेपर्यंत मी एक सवय ठेवली. रुग्णाच्या पैशाबाबत कोणतीही तक्रार आली की पहिला प्रश्न रकमेचा विचारायचा नाही. दाखल होण्याची तारीख विचारायची, ती डायरीच्या पहिल्या ओळीत लिहायची आणि जप्त केलेला फोन पाकिटात घालण्यापूर्वी दवाखान्याला ठाण्याचा क्रमांक द्यायचा. दोन मिनिटांचे काम आहे. कोणत्याही नियमात ते लिहिलेले नाही, आणि कोणत्याही नियमाने ते मना केलेले नाही. माणूस खोटे बोलतो आहे असे गृहीत धरायला आम्हाला शिकवले जाते आणि ते शिकवणे गरजेचेही आहे. पण तो खरे बोलत असेल तर काय बिघडेल, हेही त्याच वेळी मोजून पाहायला हवे. मी ते मोजले नाही. आणि मोजायची पाळी आली तेव्हा, टेबलापलीकडे भादरलेल्या डोक्याचा माणूस उभा असताना, मी खोटे बोललो. तीस वर्षे दुसऱ्यांचे जबाब घेतले. हा माझा जबाब आहे, एवढ्यासाठीच हे लिहिले.

तो संदेश फोनमध्ये तसाच होता. मी पुसला नाही. आशाताईंना इंग्रजी वाचता येते. त्याने तो कधी वाचून घेतला की नाही, मला माहीत नाही.

पुढच्या वर्षी मे महिन्यात, निवृत्तीला वर्ष राहिले असताना, हवालदार सकाळी पळसाच्या पानांत बांधलेले काहीतरी घेऊन खोलीत आला. पानांतून पाणी ठिबकत होते.

"साहेब, तळं मोकळं झालं. तुमचा वाटा धाडला त्यानं."

"मी तर तिथे नव्हतो."

"मीबी तेच म्हटलं त्याले."

"मग? काय म्हणाला?"

"काई नाई. म्हणे, मागच्या साली साहेबाचा राहून गेला होता."